आम्हाला खरं सांगा: मुख्याध्यापकांना एका आईचं खुलं पत्र

सर्व शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि मुख्याध्यापिकांना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, माझी मुलगी चौथीत असताना एका दुपारी डावा हात छातीशी धरून घरी आली. एरवी धावत आत शिरून बूट दोन दिशांना भिरकावणारी ही पोर त्या दिवशी दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, "आई, बूट काढून दे ना." मनगट सुजून चांगलंच जाड झालं होतं. एक्स-रे काढला तर हाड मोडलेलं. काय झालं म्हणून विचारलं, तर खाली बघून म्हणाली, "जिन्यावरून पडले." शाळेत फोन केला, तिथंही तेच उत्तर मिळालं. पाय घसरला, मुलं पडतातच, काळजी घ्या.

चार दिवसांनी तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईचा फोन आला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "तिला ढकललं ते शाळेनं तुम्हाला सांगितलं असेलच ना?" मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या फोनवर मला कळलं की वरच्या वर्गातल्या दोन मुली गेले दोन महिने मधल्या सुट्टीत जिन्याच्या वळणावर तिला अडवत होत्या. डबा हिसकावणं, वेणी ओढणं, वाट न देणं असं चाललं होतं. तिच्या वर्गाच्या बाईंना ते ठाऊक होतं आणि बाईंनी ते वरही कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांसमोर जाऊन बसले आणि अपघातांची नोंदवही दाखवा म्हणाले. त्यांनी ती उघडून माझ्याकडे सरकवली. तीन वाक्यं होती. "पायऱ्या उतरताना पाय घसरून पडली. प्रथमोपचार केले. पालकांना कळवले." खाली ज्यांची सही होती, ते शिक्षक त्या वेळी दुसऱ्या इमारतीत तास घेत होते, हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. आणि पालकांना कळवलं म्हणावं तर माझी मुलगी रोजच्या वेळेला, रोजच्या बसनं, मोडलेला हात सांभाळत एकटी घरी आली होती. हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वही मिटली आणि म्हणाले, "आमच्या शाळेत असं होत नाही."

हाड सहा आठवड्यांत जुळलं. ते वाक्य मात्र अजून सलतं, कारण त्या पाच शब्दांनी एकाच वेळी बरंच काही केलं. माझी मुलगी खोटी ठरली. ज्या बाईंनी धीर करून वर सांगितलं होतं, त्या पुन्हा कधी काही सांगणार नाहीत याची सोय झाली. आणि त्या दोन मुली, ज्यांना त्या वेळी कुणीतरी हात धरून थांबवायला हवं होतं, त्याही मोकळ्या सुटल्या. त्यांच्याकडे बघायला कुणी नव्हतं, आणि अकरा वर्षांच्या मुलींचं हे फार मोठं नुकसान आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं.

त्या दिवसापासून मी एकाच प्रश्नाचा विचार करते आहे. पालक म्हणून आम्ही मुख्याध्यापकांकडून नेमकं काय मागावं? मागण्या तर पुष्कळ असतात. निकाल, मैदान, प्रयोगशाळा, शिस्त, इंग्रजी, स्पर्धा परीक्षा. यातलं बरंचसं शाळेच्या ऐपतीवर अवलंबून असतं, काही संस्थेच्या मर्जीवर, काही सरकारी नियमांवर. या सगळ्याच्या आधी येणारी आणि कुठल्याही शाळेला, अगदी दोन खोल्यांच्या शाळेलाही, परवडणारी एक गोष्ट आहे. आमच्या मुलाबद्दल आणि शाळेबद्दल खरं काय ते तुम्ही आम्हाला सांगावं, वेळेवर सांगावं आणि तुमच्या तोंडून सांगावं. या पत्रात माझं मागणं एवढंच आहे.

हे तुमच्याकडेच का मागायचं, वर्गशिक्षकांकडे का नाही, असं कुणी विचारेल. कारण शिक्षक किती खरं बोलू शकतील हे तुम्ही ठरवता. शिक्षकानं वाईट बातमी तुमच्या खोलीत आणली आणि त्यालाच दोष मिळाला, तर पुढच्या वेळी तो ती वर्गातच पुरून ठेवतो. एकानं पुरली की दुसराही पुरतो, आणि वर्षभरात शाळेत सगळं आलबेल दिसू लागतं. तक्रारी नसलेली शाळा बघितली की मला आता भीती वाटते.

आमचं नशीब असं की पुढच्या वर्षी त्याच शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. इमारत तीच होती, शिक्षक बहुतेक तेच, मुलंही तीच आणि जिनाही तोच. एका माणसाच्या येण्यानं किती फरक पडू शकतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या जेसन ग्रिसम, ॲना एगालाइट आणि कॉन्स्टन्स लिंडसे या तिघांच्या अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. दोन दशकांचं संशोधन चाळून त्यांनी २०२१ साली जे मांडलं त्याचा मथितार्थ असा, की सुमार मुख्याध्यापकाच्या जागी चांगला मुख्याध्यापक आला, तर साधारण मुलाच्या वाचनात आणि गणितात वर्षाकाठी जवळजवळ तीन महिन्यांच्या शिकण्याइतकी भर पडते. एक उत्तम शिक्षक त्याच्या वर्गातल्या मुलांना पुढे नेतो. मुख्याध्यापकाचा परिणाम शाळेतल्या प्रत्येक मुलावर होतो, आणि तो होतो मुख्यतः शिक्षकांमार्फत. कोणाला नेमायचं, कोणता वर्ग कोणाला द्यायचा, चांगला शिक्षक टिकेल कसा, आणि त्याला मोकळेपणानं बोलता येईल असं वातावरण आहे की नाही, हे सगळं तुमच्या खोलीत ठरतं.

नव्या बाईंनी पहिल्याच महिन्यात एक साधी गोष्ट केली. शाळेचा नकाशा एका कागदावर काढून त्याच्या प्रती सगळ्या वर्गांत वाटल्या. नाव लिहायचं नाही, वर्ग लिहायचा नाही, फक्त जिथं तुम्हाला भीती वाटते तिथं एक ठिपका द्यायचा. नंतर पालकसभेत त्यांनी ते सगळे ठिपके एकाच मोठ्या नकाशावर उतरवून आमच्यासमोर धरले. वर्गांमध्ये तुरळक ठिपके होते. मैदानावर त्याहून थोडे जास्त. आणि जिन्याच्या वळणावर व स्वच्छतागृहांच्या मागच्या बोळात इतके ठिपके होते की तिथला कागद काळा दिसत होता. सभागृहात कुणी काही बोललं नाही. बाई म्हणाल्या, "हे आपल्या शाळेत होतं. उद्यापासून मधल्या सुट्टीत या दोन जागी शिक्षक उभे असतील, आणि पहिला आठवडा जिन्यावर मी असेन." त्या खरोखर उभ्या राहिल्या. हातात चहाचा कप नाही, फोन नाही, नुसत्या उभ्या.

दादागिरी मोठ्यांची नजर नसते तिथं होते, हे काही आज कळलेलं नाही. डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी नॉर्वेत आणि स्वीडनमध्ये सत्तरच्या दशकापासून याचा अभ्यास केला होता. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतल्या तीन मुलांनी जीव दिला. सोबतच्या मुलांकडून होणारा छळ हेच त्यामागचं कारण असावं, असं पुढे आल्यावर १९८३ साली तिथल्या सरकारनं शाळांसाठी देशभर मोहीम काढली. बर्गनमध्ये सुमारे २,५०० मुलांवर ओल्वेउस यांनी तिचा परिणाम मोजला, तेव्हा छळाच्या तक्रारी निम्म्यानं किंवा त्याहूनही जास्त कमी झालेल्या दिसल्या. आणि मोहिमेत होतं काय? मुलांना नाव न लिहिता प्रश्न विचारणं, सुट्टीत मोठ्यांनी लक्ष ठेवणं, वर्गाचे स्पष्ट नियम, त्रास देणाऱ्या मुलाशी आणि त्याच्या आईवडिलांशी गांभीर्यानं बोलणं. यातलं काहीच महाग नाही. पण पहिल्या पायरीला "आपल्याकडे हे होतं" असं म्हणावं लागतं, आणि तिथंच बहुतेक गाडी अडते.

त्याच देशानं २०१७ साली कायदा आणखी कडक केला. मुलाला शाळेत सुरक्षित वाटतं की नाही, हे ठरवताना मुलाचा स्वतःचा अनुभव निर्णायक मानायचा. कुणाही कर्मचाऱ्याला शंका आली, की त्यानं मुख्याध्यापकाला कळवलंच पाहिजे. शाळेनं चौकशी करून काय करणार याची लेखी योजना बनवली पाहिजे. आठवडा उलटूनही काही हाललं नाही, तर पालकांना थेट वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. मुलांच्या हक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता १९८९ सालची आहे, आणि मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं जावं हा हक्क तिच्या बाराव्या कलमातच आहे. म्हणून "एका आठवड्यात मला लेखी काहीतरी द्या" अशी मागणी घेऊन एखादी आई तुमच्या दारात आली, तर कृपा करून तिला भांडकुदळ समजू नका. तिची मागणी अगदी बेताची आहे.

आता दुसरी बाजू सांगते. हे पत्र त्याशिवाय प्रामाणिक होणार नाही.

मुलगी सहावीत गेली. एका दुपारी चारच्या सुमारास त्याच मुख्याध्यापिकांचा फोन आला. "तुमची मुलगी घरी पोचायच्या आत मला तुमच्याशी बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. वर्गात नव्यानं आलेल्या एका मुलीशी कुणी बोलायचं नाही, अशी चिठ्ठी फिरली होती. चिठ्ठीवरचं अक्षर माझ्या मुलीचं होतं. ती नवी मुलगी आठवडाभर डबा घेऊन एकटी बसत होती आणि त्या दिवशी पोटात दुखतं म्हणून रडत कार्यालयात आली होती.

माझ्या तोंडून काय निघावं? "माझी मुलगी असं करणार नाही."

शब्द तोंडातून गेले आणि मला ते ऐकू आले. त्या मुख्याध्यापकांचं वाक्य आणि माझं वाक्य, दोन्ही सख्खी भावंडं. पलीकडे बाई क्षणभर थांबल्या. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. पुढे त्या जे बोलल्या ते मी फोन ठेवल्यावर कागदावर उतरवून ठेवलं होतं, म्हणून जवळजवळ जसंच्या तसं देते. "मी स्वतः पाहिलं ते एवढंच, की चिठ्ठी तिच्या अक्षरात आहे आणि तिनं ते माझ्यापाशी कबूल केलं आहे. ही कल्पना तिची की आणखी कुणाची, हे मला अजून माहीत नाही. उद्या सकाळी मी चौघींशी वेगवेगळं बोलणार आहे. आज तुम्ही तिला मारू नका आणि तिची बाजूही घेऊ नका, फक्त ऐकून घ्या. परवा मी तुम्हाला पुन्हा फोन करते."

परवा फोन आला. त्या दुसऱ्या मुलीला काय हवं आहे, तिच्या घरच्यांचं काय म्हणणं आहे, हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी सौम्यपणे नकार दिला. "ते मी तुम्हाला सांगणार नाही, जसं तुमच्या घरातलं मी त्यांना सांगत नाही." तेव्हा मला ते थोडं लागलं. आज वाटतं, चांगल्या मुख्याध्यापकाची ओळख मला त्या दोन फोनमध्ये पटली. काय कळलं आहे, काय अजून कळायचं आहे, पुढे काय करणार, पुन्हा कधी बोलणार, आणि काय सांगणार नाही. इतकं जमलं तर कुठल्याही आईला तुमच्याशी भांडायचं कारण उरत नाही. आली तरी ती रागानं येईल, संशयानं येणार नाही. रागावलेल्या पालकाशी बोलता येतं. संशय एकदा शिरला की मात्र परीक्षेच्या गुणांपासून बसच्या वेळेपर्यंत सगळ्याकडे तो त्याच नजरेनं बघत राहतो.

हे सगळं नुसतं मनाला लागण्यापुरतं नसतं. कधी कधी यावर जीव अवलंबून असतात. जपानमधल्या इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेची हकीकत प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असावी असं मला वाटतं. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर शाळेतली मुलं शिस्तीत मैदानावर आली आणि सुमारे पन्नास मिनिटं तिथंच थांबली. शाळेच्या मागे टेकडी होती. तिच्यावर मुलं नेहमी जात. कुठं जायचं यावर मोठ्यांचं एकमत होईना, आणि शेवटी निघाले तेव्हा सुनामी नदीतून वर आली. त्या शाळेची ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले.

शाळेच्या आपत्ती आराखड्यात सुनामी आली तर कुठं जायचं, या रकान्यात जवळपासची मोकळी जागा किंवा बाग अशा अर्थाचे शब्द होते. तशी कामाची जागा तिथं नव्हतीच. मुख्याध्यापक त्या दुपारी रजेवर होते. २३ मुलांच्या कुटुंबांनी दावा लावला. एप्रिल २०१८ मध्ये सेंदाई उच्च न्यायालयानं त्या पन्नास मिनिटांच्याही मागे जाऊन चूक दाखवली. आपत्ती येण्याच्या आधी, शांत दिवसांत, मुख्याध्यापकांनी आणि शिक्षण मंडळानं आराखडा तपासून दुरुस्त करायला हवा होता. सरकारी नकाशात शाळा धोक्याच्या पट्ट्यात नव्हती, ही सबबही न्यायालयानं मानली नाही. शाळा नदीकाठी आहे, तेव्हा तो नकाशा आपल्या शाळेला लागू पडतो का, हे मुख्याध्यापकांनीच डोळसपणे पाहायला हवं होतं, असा त्या निकालाचा रोख होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला.

त्या आईवडिलांनी काय सोसलं असेल याची कल्पना करायचं धाडस मी करणार नाही. पण त्यांचं म्हणणं मी जितकं वाचलं, त्यात पैशापेक्षा मोठी मागणी एकच दिसली: त्या पन्नास मिनिटांत काय झालं ते आम्हाला खरं सांगा. वाचलेल्या मुलांशी बोलून अधिकाऱ्यांनी घेतलेली टिपणं नंतर टाकून देण्यात आली, तेव्हा त्यांच्या दुःखावर आणखी एक घाव बसला.

म्हणून माझी विनंती आहे, शाळेचा आपत्ती आराखडा एकदा हातात घ्या आणि त्यातल्या प्रत्येक जागेपर्यंत स्वतः चालत जा. कुलूप असलेलं दार, चावी कुणाकडे, सगळ्यात लहान वर्गाला तिथं पोचायला किती मिनिटं लागतात, पायाला पट्टा बांधलेला मुलगा कसा येणार. मग ते आम्हालाही दाखवा. सराव फसला तर फसला म्हणून सांगा. सराव फसल्याचं सांगणाऱ्या शाळेत मी मुलाला निर्धास्त पाठवीन.

शिकवण्याबद्दलही खूप लिहिता येईल, पण मी शिक्षक नाही, म्हणून दोनच गोष्टी बोलते. आम्हाला मोज्यांच्या रंगाबद्दल, वह्यांच्या कव्हरांबद्दल, स्नेहसंमेलनाच्या वेषभूषेबद्दल भरपूर निरोप येतात. गणिताच्या शिक्षिका दीड महिना रजेवर आहेत आणि बदली माणूस मिळालेला नाही, हे मात्र आम्हाला मुलांकडून कळतं. "आजपण ऑफ तास होता" असं मूल आनंदानं सांगतं. हा निरोप पहिल्या आठवड्यात तुमच्याकडून यायला हवा. कदाचित आमच्यापैकीच कुणी गणित शिकवायला येऊन उभं राहील. दुसरं म्हणजे, तुम्ही वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसा. महिन्यातून एकदा तपासणीसाठी फाईल घेऊन जाण्यापेक्षा, अधूनमधून पंधरा मिनिटं, मुलांसोबत. माझ्या मुलीच्या मुख्याध्यापिका तसं बसत आणि वही उघडून टिपून घेत. मुलं म्हणत, "मोठ्या बाई पण अभ्यास करतात." पालकानं एखाद्या शिक्षकाबद्दल तक्रार केली, की त्यांना त्या वर्गात खरोखर काय चालतं ते ठाऊक असे. त्यामुळे त्यांना शिक्षकाला उगीच झापावंही लागत नसे आणि उगीच पाठीशीही घालावं लागत नसे.

आणि आम्ही? आम्ही काय मागू नये, हेही याच पत्रात लिहिते, म्हणजे वाचणाऱ्या पालकांनाही कळेल की मी फक्त एका बाजूनं बोलत नाही.

रात्री साडेदहाला पाठवलेल्या निरोपाचं उत्तर रात्रीच मागू नये. तुम्हालाही घर आहे. दोन दिवसांत "मिळालं, पाहते" एवढी पोच आणि आठवड्याभरात उत्तर, यापेक्षा जास्त घाई जखम झाली असेल किंवा मूल भीतीखाली असेल तरच करावी. दुसऱ्याच्या मुलाला काय शिक्षा केली, हे आम्हाला कळण्याचा हक्क नाही. कितीही राग आला तरी नाही. उद्या तेच मूल आपलं असू शकतं, हे मी अनुभवानं शिकले. गुण वाढवून मागू नयेत, वर्ग बदलून मागू नये, आपल्या मुलापुरता नियम वाकवून मागू नये. शिक्षकांचं म्हणणं ऐकायच्या आधी तुम्ही आमच्या बाजूनं बोलावं, ही अपेक्षाही चुकीची आहे. पालकांच्या गटावर एका मुलाच्या एका वाक्यावरून शिक्षकाला फासावर लटकवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत, एकदोनदा त्यात गप्प राहून सामीलही झाले आहे. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या हातात किती थोडं असतं, तेही आम्हाला समजायला हवं. नेमणूक दुसरीकडून, पैसा तिसरीकडून, अभ्यासक्रम वरून, आणि सगळ्याचा जाब मात्र तुम्हाला. छप्पर गळतं, पण दुरुस्तीचं पत्र पुढे सरकत नाही. अशा वेळी तुम्ही "बघतो, करतो" म्हणता, आणि आम्ही समजतो की तुम्हाला करायचंच नाही. त्यापेक्षा सरळ सांगा, "हे माझ्या हातात नाही, ज्यांच्या हातात आहे त्यांना मी तीनदा लिहिलं आहे, ही त्याची प्रत." आम्ही चौथं पत्र तुमच्यासोबत लिहू. पालकांची ताकद मुख्याध्यापकांच्या विरुद्धच वापरायची असते, असं कुठं लिहिलेलं नाही.

एक गोष्ट सांगून पत्र संपवते. नव्या मुख्याध्यापिका आल्या त्या वर्षी मी त्यांना जिन्याचं प्रकरण सांगितलं होतं. मनात काही धरून नव्हे, त्यांनी विचारलं म्हणून. पंधरा दिवसांनी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर मागच्या वर्षाची तीच नोंदवही होती. त्यांनी मधल्या काळात चौथीच्या वर्गाच्या बाईंशी, त्या दोन मुलींशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून घेतलं होतं. जुनी नोंद त्यांनी खोडली नाही. तिच्या खालच्या मोकळ्या जागेत आमच्यासमोर निळ्या शाईनं लिहिलं: "चौकशीअंती असे दिसून आले की विद्यार्थिनी घसरून पडली नसून तिला ढकलण्यात आले होते. तिला दोन महिने त्रास होत असल्याचे शाळेस माहीत होते. पालकांना त्या दिवशी कळवले नव्हते." खाली तारीख आणि पूर्ण सही.

मग वही फिरवून त्यांनी ती माझ्या मुलीसमोर ठेवली. तिनं ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं, पहिलीतल्या मुलांसारखं, एकेक शब्द. दुसऱ्या वाक्यापाशी थोडी थांबली.

"बाई, हे आता खोडणार नाही ना कुणी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "शाळा आहे तोवर ही वही राहील."

कळावे,
आपली विश्वासू,
एक आई